यंत्र एका वर्षात, शिक्षक एका पिढीत : उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्राचा इंग्लंडमधील अनुभव

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अंदाजपत्रकात तरतूद झाली, निविदा निघाली आणि पुरवठादार ठरला, तर एका आर्थिक वर्षात दहा हजार संगणक शाळांमध्ये पोहोचवता येतात. संगणकशास्त्र शिकवू शकतील असे दहा हजार शिक्षक मात्र एका आर्थिक वर्षात पोहोचवता येत नाहीत. ही गोष्ट वरवर इतकी साधी आहे की, तिचा स्वतंत्र उल्लेख करण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. पण शिक्षणावरील सार्वजनिक खर्चाच्या इतिहासात या साध्या गोष्टीकडे वारंवार दुर्लक्ष झाले आहे. इंग्लंडसारख्या, संगणकाच्या जन्मकाळापासून त्या क्षेत्रात अग्रेसर असलेल्या देशानेही ही चूक एकदा नव्हे, दोनदा केली. म्हणून आजच्या विवेचनासाठी इंग्लंडचे उदाहरण घेतले आहे. या कथेचा एक धागा थेट भारतातील शाळांपर्यंत येतो, हे त्याचे दुसरे कारण होय.

तीन विषयांची चौकट

इंग्लंडमध्ये विद्यार्थी वयाच्या सोळाव्या वर्षी जीसीएसई ही परीक्षा देतो. त्यानंतरच्या दोन वर्षांना, म्हणजे आपल्याकडील अकरावी-बारावीला, जुन्या प्रघातानुसार ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हटले जाते. या दोन वर्षांच्या अखेरीस ए-लेव्हल परीक्षा होते. ती १९५१ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे बारावीचा विद्यार्थी पाच-सहा विषय घेतो; तिकडे बहुतेक विद्यार्थी केवळ तीन विषय घेतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. विषय तीनच असतील तर प्रत्येक निवडीचा संधी खर्च मोठा असतो. संगणकशास्त्र घेणारा विद्यार्थी त्याच वेळी भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र किंवा एखादी परकीय भाषा सोडून देत असतो. त्यामुळे ए-लेव्हलला संगणकशास्त्र घेणाऱ्यांची संख्या ही केवळ आवडीची मोजणी ठरत नाही. त्या विषयासाठी विद्यार्थी काय गमावण्यास तयार आहेत, याचीही ती मोजणी ठरते.

या स्तरावर शिकवले जाते ते काय? द्विमान पद्धतीत ऋण संख्या व अपूर्णांक कसे मांडतात, प्रक्रियक स्मृतीतून आज्ञा कशी आणतो, तिचा अर्थ कसा लावतो आणि ती कशी अमलात आणतो, बुलियन बीजगणित, स्टॅक, क्यू व ट्री यांसारख्या माहितीच्या रचना, वर्गवारीच्या व शोधाच्या पद्धती, दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधणारी डाइक्स्ट्रा यांची पद्धत, विदासंचाची रचना, संगणकांची जाळी आणि संगणकाच्या गैरवापराविरुद्धचा १९९० चा कायदा. याखेरीज विद्यार्थ्याने एखादी खरीखुरी समस्या निवडून तिच्यासाठी स्वतः आज्ञावली तयार करावयाची असते. या प्रकल्पाला एकूण गुणांपैकी २० टक्के गुण असतात.

ही यादी कोरडी वाटते. म्हणून तिच्यातील एकच गोष्ट जरा तपशिलाने पाहू. समजा, एका लाख नावांची यादी वर्णानुक्रमे लावलेली आहे आणि तीत एक नाव शोधावयाचे आहे. सुरुवातीपासून एकेक नाव पाहत गेल्यास वाईटात वाईट परिस्थितीत एक लाख तुलना कराव्या लागतील. त्याऐवजी मधले नाव पाहिले आणि शोधावयाचे नाव त्याच्या आधी आहे की नंतर हे ठरवले, तर निम्मी यादी एका फटक्यात बाद होते. उरलेल्या अर्ध्या यादीचे पुन्हा मधले नाव घ्यावे. अशा रीतीने जास्तीत जास्त १७ तुलनांमध्ये नाव सापडते, किंवा ते यादीत नाही हे निश्चित कळते. दहा लाख नावांसाठी २०, एक कोटी नावांसाठी २४ आणि १४० कोटी नावांसाठी अवघ्या ३१ तुलना पुरतात. यादी चौदा हजार पट वाढली, तरी श्रम दुपटीनेही वाढले नाहीत. भारताएवढ्या लोकसंख्येची नोंदवही क्षणार्धात चाळता येते, ती केवळ यंत्र वेगवान आहे म्हणून नव्हे. हे ज्याला कळले, त्याला संगणकशास्त्राचा गाभा कळू लागला असे म्हणता येईल. त्यासाठी संगणक समोर असलाच पाहिजे असेही नाही; जाडजूड शब्दकोश आणि फळा एवढ्यावर हा पाठ होऊ शकतो. तो घेणारा शिक्षक मात्र लागतो.

लुकलुकणाऱ्या खुणेचे दिवस

इंग्लंडमध्ये संगणकशास्त्राची ए-लेव्हल परीक्षा १९७० च्या दशकापासून होत आली. परंतु शाळाशाळांत संगणक पोहोचला तो १९८० च्या दशकाच्या आरंभी. बीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक तयार केला आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला. जानेवारी १९८२ पासून दूरचित्रवाणीवर त्यासोबतची कार्यक्रममाला सुरू झाली. ब्रिटिश सरकारने शाळांना खरेदीसाठी निम्मी रक्कम दिली. आरंभी सुमारे १२ हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास खपली. सार्वजनिक मागणीने खासगी उद्योगाला बळ दिल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. पुढे १९८५ मध्ये याच कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी आर्म प्रक्रियकाची रचना केली. आज जगातील बहुतेक मोबाइल फोन त्याच घराण्यातील प्रक्रियकांवर चालतात. शालेय खरेदीचा हा बाह्य लाभ त्या वेळी कोणत्याही खर्च-लाभ विश्लेषणात धरला गेला नसेल.

या यंत्राच्या बी प्रतिकृतीत स्मृती होती ३२ किलोबाइट. ते सुरू केले की पडद्यावर एक-दोन ओळी उमटत आणि खाली लुकलुकणारी खूण आज्ञेची वाट पाहत राही. चित्रे नव्हती, खिडक्या नव्हत्या. बेसिक भाषेत काहीतरी लिहिल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नसे. त्यामुळे वापरणारा प्रत्येक जण, इच्छा असो वा नसो, थोडीफार आज्ञावली लिहायला शिके. यंत्राची ही उणीवच शिक्षणाच्या दृष्टीने त्याचा गुण ठरली.

पुढच्या दहा वर्षांत यंत्रे सुधारली आणि ही सक्ती संपली. तयार सॉफ्टवेअर आले. पत्र लिहिणे, तक्ते भरणे, सादरीकरण करणे यांसाठी आज्ञावली लिहिण्याची गरज उरली नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान’, म्हणजे आयसीटी, हा विषय स्थिरावला. त्यातून विद्यार्थ्याला कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरता येऊ लागले. हे कौशल्य निरुपयोगी होते असे नाही. लाखो मुलांना त्याचा रोजगारासाठी उपयोग झाला. परंतु संगणक चालवणे आणि संगणन समजणे यांतील अंतर या काळात धूसर झाले. वाहन चालवता येणे आणि इंजिनाचे कार्य समजणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच ते होते. परिणाम ए-लेव्हलच्या आकड्यांत उमटला. २००३ ते २०११ या काळात संगणनाची ए-लेव्हल परीक्षा देणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक घटली. गंमत अशी की, हाच काळ इंटरनेटच्या प्रसाराचा आणि मोबाइलच्या क्रांतीचा होता. वस्तूची उपयुक्तता वाढत असताना तिच्या अभ्यासाची मागणी घटत होती!

२०१२ ची फेररचना

संगणक शिक्षकांनी व संशोधकांनी २००८ मध्ये ‘कम्प्युटिंग ॲट स्कूल’ हा गट स्थापन केला आणि या घसरणीकडे लक्ष वेधण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलचे तत्कालीन कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनी एडिंबरा येथील व्याख्यानात, संगणकाचा पाया घालणाऱ्या देशातील शाळांमध्ये संगणकशास्त्र सर्वांना शिकवले जात नाही याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या समितीचे अध्यक्ष होते तेच स्टीव्ह फर्बर. त्याच महिन्यात तत्कालीन शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी आयसीटीचा जुना अभ्यासक्रम मागे घेण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०१४ पासून वयाच्या पाचव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत ‘कम्प्युटिंग’ हा नवा विषय लागू झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये नवा ए-लेव्हल अभ्यासक्रम सुरू झाला व २०१७ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली. २०१५ मध्येच, आयसीटीची जीसीएसई व ए-लेव्हल या दोन्ही परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेचा विचार करता ही फेररचना योग्य होती, याबद्दल फारसे दुमत नसावे. आकडेही तिच्या बाजूने बोलतात. २०१७ मध्ये ए-लेव्हल संगणकशास्त्राला बसलेल्यांची संख्या सुमारे ८,३०० होती. २०२४ मध्ये ती २० हजारांच्या घरात गेली. गणिताला याच वर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी बसले होते, हे लक्षात घेतले तर विषय अजून लहानच आहे. पण वाढीचा वेग डोळ्यांत भरणारा आहे.

प्रश्न निर्माण झाला तो दुसरीकडे. अभ्यासक्रम राजपत्रातून बदलता येतो, शिक्षक तसा बदलता येत नाही. कालपर्यंत सादरीकरण व तक्ते शिकवणाऱ्या शिक्षकाने आजपासून अल्गोरिदम शिकवावेत, अशी अपेक्षा करण्यात आली. बीबीसी मायक्रोच्या वेळी यंत्रे आधी आली व शिक्षक मागे राहिले. आता अभ्यासक्रम आधी आला व शिक्षक पुन्हा मागे राहिले.

शिक्षकाचा बाजारभाव

येथे अर्थशास्त्राचा मूळ मुद्दा येतो. इतिहासाचा चांगला शिक्षक आणि संगणकशास्त्राचा चांगला शिक्षक यांचे शाळेतील वेतन जवळपास सारखे असते. शाळेबाहेरील वेतन मात्र मुळीच सारखे नसते. ज्याला उत्तम आज्ञावली लिहिता येते, त्याच्यासाठी वर्गात उभे राहण्याचा संधी खर्च फार मोठा असतो. शिवाय हा खर्च स्थिर नाही. सॉफ्टवेअर उद्योग तेजीत असतो, तेव्हा विद्यार्थ्यांची या विषयाकडे ओढ वाढते आणि नेमक्या त्याच वेळी शिक्षक शाळा सोडून जातात. म्हणजे मागणी वाढवणारी शक्ती हीच पुरवठा घटवणारी शक्ती ठरते. इतर विषयांच्या बाबतीत हे इतक्या तीव्रतेने घडत नाही.

रॉयल सोसायटीने २०१७ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा पुढील चित्र दिसले. २०१२ ते २०१७ या काळात संगणन शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ठरवलेल्या प्रवेश उद्दिष्टापैकी केवळ ६८ टक्के साध्य झाले होते. इंग्लंडमधील ५४ टक्के शाळा संगणकशास्त्राचा जीसीएसई विषय उपलब्ध करून देत नव्हत्या आणि ३० टक्के विद्यार्थी अशा शाळांमध्ये शिकत होते. या दोन टक्केवारींतील तफावतीकडे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. शाळा निम्म्याहून अधिक, पण विद्यार्थी तीस टक्के; याचा अर्थ विषय न देणाऱ्या शाळा प्रामुख्याने लहान होत्या. मोठी शाळा एका विशेष शिक्षकाचा खर्च अनेक तुकड्यांवर विभागू शकते, लहान शाळेला ते परवडत नाही. परिमाणाच्या काटकसरी केवळ कारखान्यांतच आढळतात असे नाही.

अहवालाने पाच वर्षांत ६ कोटी पौंड खर्च करण्याची शिफारस केली. त्याच महिन्यातील अंदाजपत्रकात ८.४ कोटी पौंडांची घोषणा झाली, सुमारे ८ हजार शिक्षकांचे कौशल्य उंचावण्याचे लक्ष्य ठरले आणि २०१८ मध्ये संगणन शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. साधा भागाकार केला तर प्रत्येक शिक्षकामागे सुमारे १०,५०० पौंड येतात, अर्थात या रकमेतून इतर कामेही व्हावयाची होती. एका शाळेत नवी संगणक प्रयोगशाळा उभारण्यापेक्षा हा खर्च फार वेगळा नाही. फरक एवढाच की, प्रयोगशाळेचे छायाचित्र काढता येते.

नव्या उमेदवारांसाठी प्रोत्साहनही वाढवण्यात आले. २०२५-२६ या वर्षासाठी संगणन शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या पदवीधराला प्रशिक्षणकाळात २९ हजार पौंडांचे अर्थसाहाय्य किंवा ३१ हजार पौंडांची शिष्यवृत्ती जाहीर झाली. तरीही भरतीचे उद्दिष्ट गाठले जात नाही; २०२३-२४ मध्ये तर ते निम्मेही गाठले गेले नाही. एकरकमी साहाय्य प्रशिक्षणाच्या दारापर्यंत आणते, पण पुढील तीस वर्षांच्या वेतनातील फरक ते भरून काढू शकत नाही, असा याचा एक अन्वयार्थ लावता येईल.

कोण बाहेर राहिले?

फेररचनेची सर्वांत विचार करायला लावणारी बाजू मुलींच्या संदर्भातील आहे. २०१५ मध्ये आयसीटीच्या जीसीएसई परीक्षेला बसणाऱ्यांत मुलींचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. २०२३ मध्ये संगणकशास्त्राच्या जीसीएसईत ते सुमारे २१ टक्के होते. ए-लेव्हलला २०१७ मध्ये ते दहा टक्क्यांहून किंचित कमी होते. त्यानंतर सुधारणा झाली, तरी २०२४ मध्येही ते पाचव्या हिश्श्यापर्यंत पोहोचले नव्हते. परीक्षेला बसलेल्या मुलींची कामगिरी मुलांपेक्षा कमी नाही. प्रश्न बसण्याचाच आहे.

जुना विषय उथळ होता, पण रुंद होता. नवा विषय खोल आहे, पण अरुंद आहे. जुना विषय बंद करताना, तो घेणारे विद्यार्थी आपोआप नव्या विषयाकडे वळतील, असे गृहीत धरले गेले. तसे घडले नाही. अनेकांनी संगणकाशी संबंधित कोणतीच परीक्षा दिली नाही. सोळाव्या वर्षी जी मुलगी या विषयापासून दूर झाली, ती सिक्स्थ फॉर्ममध्ये तीन विषयांपैकी एक म्हणून तो निवडण्याची शक्यता फारच कमी राहते. ए-लेव्हलच्या वर्गातील रिकामी बाके चौदाव्या वर्षीच रिकामी झालेली असतात. खोली आणि व्याप्ती यांतील ही तडजोड धोरणकर्त्यांनी आधी मांडून दाखवली असती, तर कदाचित दोन्ही विषय काही काळ समांतर चालू ठेवले गेले असते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रा. बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासक्रम व मूल्यमापन आढावा प्रसिद्ध झाला. सध्याच्या संगणकशास्त्राच्या जीसीएसईऐवजी अधिक व्यापक असा संगणनाचा जीसीएसई विषय आणावा, ही त्यातील एक शिफारस असून सरकारने ती स्वीकारली आहे. म्हणजे लंबक पुन्हा थोडा मागे फिरला आहे.

विद्यापीठांची भूमिकाही येथे नोंदवली पाहिजे. केंब्रिज व ऑक्सफर्ड येथे संगणकशास्त्राच्या पदवीसाठी गणिताचा ए-लेव्हल अनिवार्य आहे, संगणकशास्त्राचा नाही. वरवर हे विचित्र वाटेल. परंतु ज्यांच्या शाळेत विषयच उपलब्ध नाही, त्यांच्यावर अन्याय होऊ नये हा विचार त्यात आहे. गणित प्रत्येक शाळेत असते. तथापि याचा दुसरा परिणाम असा की, विद्यापीठाचे दार ज्या विषयाविना उघडते, तो विषय घेण्याची प्रेरणा कमी होते आणि शाळेलाही तो सुरू करण्याची निकड वाटत नाही. भारतातही अभियांत्रिकीची जेईई भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांवर घेतली जाते. बारावीला संगणकशास्त्र न घेता संगणक अभियंता होता येते.

क्लास प्रकल्प आणि पुढे

आता तो भारताकडे येणारा धागा. १९८४-८५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालय व इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी संयुक्तपणे ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. शालेय संगणक साक्षरतेचा हा देशातील पहिला मोठा प्रयत्न. त्यासाठी निवडलेले यंत्र होते बीबीसी मायक्रो! राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना अशी सुमारे १२ हजार यंत्रे देण्यात आली. आठव्या पंचवार्षिक योजनेत, १९९३ पासून, प्रकल्पाला केंद्रपुरस्कृत योजनेचे रूप मिळाले. तोपर्यंत जगभर वैयक्तिक संगणक रूढ झाले होते आणि बीबीसी मायक्रो कालबाह्य होत होता. यंत्राचा घसारा किती वेगाने होतो, हे या योजनेने दाखवून दिले. उलट १९८५ मध्ये द्विमान पद्धत समजलेल्या शिक्षकाचे ते ज्ञान आजही जुने झालेले नाही.

डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही योजना आली आणि २०१० मध्ये तिची फेररचना झाली. अनेक राज्यांनी उभारणी, मालकी, संचालन व हस्तांतरण या तत्त्वावर बाह्य संस्थांशी करार केले. यंत्रे, जोडण्या आणि संगणक निदेशक हे सारे कराराचा भाग होते. मुदत संपल्यावर यंत्रे शाळेकडे हस्तांतरित होत. निदेशकाचे हस्तांतरण कोणाकडे व्हावे, याचे उत्तर त्या रचनेत नव्हते.

शाळांतील साधनांची स्थिती सुधारत आहे, यात शंका नाही. युडायस प्लसनुसार २०२३-२४ मध्ये देशातील सुमारे ५७ टक्के शाळांमध्ये चालू स्थितीतील संगणक होते. २०२४-२५ च्या आकडेवारीत संगणक उपलब्ध असलेल्या शाळांचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांपर्यंत गेले. परीक्षेत डिजिटल दरीवर उत्तर लिहिताना हे आकडे अवश्य द्यावेत. मात्र ज्या शाळेत संगणक आहे, तेथे संगणकशास्त्र शिकवले जाते असा निष्कर्ष त्यांतून काढू नये. ही टक्केवारी यंत्रांविषयी आहे.

उच्च माध्यमिक स्तरावर अभ्यासक्रमाचे आधुनिकीकरण झाले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सी प्लस प्लस या भाषेकडून पायथनकडे संक्रमण केले. एनसीईआरटीने संगणकशास्त्राचे अकरावीचे पाठ्यपुस्तक २०१९ मध्ये व बारावीचे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने आज्ञावली लेखनाचा प्रारंभ माध्यमिक शाळेच्या आधीच्या टप्प्यात व्हावा असे म्हटले आहे. महाराष्ट्रात विज्ञान शाखेत संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा द्विलक्ष्यी विषय म्हणून अनेक वर्षे शिकवला जात आला. ‘भरपूर गुण देणारा विषय’ ही त्याची ख्याती त्याच्या आशयापेक्षा अधिक पसरली, हे खेदाने नमूद करावे लागते. त्यातील आठ हजार पंच्याऐंशी या क्रमांकाच्या सूक्ष्मप्रक्रियकावरील भाग कालबाह्य म्हणून हेटाळला जातो. पण हे यंत्र आतून कसे चालते, हे विद्यार्थ्याला दाखवणारा तोच एक भाग होता, हेही विसरता कामा नये.

शिक्षकांच्या प्रश्नावर केरळने काढलेला मार्ग वेगळा होता. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. बाहेरून निदेशक आणण्याऐवजी शाळेत आधीच नोकरीवर असलेले गणिताचे, विज्ञानाचे, भाषेचे शिक्षक प्रशिक्षित करण्यात आले. त्यांच्यातूनच प्रमुख प्रशिक्षक तयार झाले. पुढे शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्याने परवान्यांचा खर्चही वाचला. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर ‘काइट’ या शासकीय कंपनीत झाले. कायम सेवेतील शिक्षकासाठी शाळेबाहेरील नोकरीचे आकर्षण तुलनेने कमी असते, ही या रचनेतील आर्थिक जमेची बाजू. अर्थात दहावीपर्यंतचा माहिती तंत्रज्ञान विषय आणि बारावीचे संगणकशास्त्र यांत फरक आहे. अल्प प्रशिक्षणाने पहिला विषय शिकवता येतो. दुसऱ्यासाठी विषयाची पक्की बैठक हवी.

भाषेचा प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला संगणकशास्त्र घेतो, तेव्हा त्याला एकाच वेळी दोन नव्या भाषांशी झगडावे लागते. एक आज्ञावलीची, दुसरी पाठ्यपुस्तकाची इंग्रजी. पहिली अपरिहार्य आहे. तिच्यातील मोजके शब्द तो महिनाभरात शिकतो. अडतो तो दुसरीपाशी. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, जिच्यात शेवटी ठेवलेले ताट आधी उचलावे लागते, एवढे मराठीत सांगितले की ती संकल्पना क्षणात स्पष्ट होते. पण पुस्तकातील इंग्रजी व्याख्या तो पाठ करतो आणि परीक्षेत तशीच उतरवतो. तामिळनाडूमध्ये उच्च माध्यमिक स्तरावरील संगणकशास्त्राची पाठ्यपुस्तके राज्य शासन इंग्रजीबरोबरच तमिळमध्येही प्रसिद्ध करते. तेथील तमिळ माध्यमाचा विद्यार्थी संकल्पना आपल्या भाषेत वाचतो आणि आज्ञावली तेवढी रोमन लिपीत लिहितो.